प्राध्यापकाचा कंठ आणि कायद्याची यादी

(मालवण येथे महाविद्यालयीन अध्यापकांच्या सभेत एका वकिलाने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



परमपूज्य बाबासाहेबांच्या जयंतीनंतर दोनच दिवसांनी, १६ एप्रिल रोजी, जगात आवाज दिन पाळला जातो. १९९९ साली ब्राझीलमधील कंठतज्ज्ञांनी तो आरंभिला व पुढे इतर देशांनी उचलला. जयंतीच्या मिरवणुकीत ज्यांचे घसे बसतात त्यांच्या सोयीसाठीच ही तारीख निवडली असावी, असे माझे एक मित्र म्हणतात. विनोद बाजूस ठेवू. ज्या वर्गाच्या घशाविषयी मला आज बोलावयाचे आहे, त्याचा घसा वर्षातून एक दिवस बसत नाही. जूनमध्ये महाविद्यालय उघडले की तो बसू लागतो आणि परीक्षा येईपर्यंत बसतच राहतो.

हा विषय वैद्यकाचा आहे. त्यावर वकिलाने का बोलावे, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल. ती रास्त आहे. माझे उत्तर असे की, डॉक्टर 'आवाजाला विश्रांती द्या' असे लिहून देतात व तेथे त्यांचे काम संपते. ती विश्रांती कोणाच्या खर्चाने घ्यावयाची, हा प्रश्न त्या चिठ्ठीत नसतो. तो आमच्या टेबलावर येतो.

गेल्या पावसाळ्यात तो माझ्या टेबलावर आला. एक प्राध्यापिका माझ्या कार्यालयात आल्या, खुर्चीवर बसल्या, आणि एक शब्दही न बोलता त्यांनी पिशवीतून वही काढून माझ्यापुढे ठेवली. वहीत लिहिले होते : 'डॉक्टरांनी पंधरा दिवस बोलू नका म्हटले आहे. स्वररज्जूंवर गाठी आहेत. बोलले नाही तर तास जातात. तास गेले की पैसे जातात. पुढच्या वर्षी बोलावतीलच असेही नाही.' बाई तासिका तत्त्वावर काम करीत होत्या. काही तास एका महाविद्यालयात, काही दुसऱ्यात. त्या महाविद्यालयांची नावे येथे सांगण्याचे कारण नाही, कारण अशी महाविद्यालये जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. बाई आपल्या घराण्यातील पहिल्या पदवीधर, पहिल्या एम. ए. आणि पहिल्या सेट उत्तीर्ण. वहीच्या तळाशी त्यांनी एक प्रश्न लिहिला होता : 'आवाजासाठी रजा असते का, साहेब?'

वीस वर्षांच्या वकिलीत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. त्याचे उत्तर शोधताना जे हाती लागले ते आज आपणापुढे ठेवीत आहे.

प्रथम घशाचे काम कसे चालते ते थोडक्यात सांगतो. पुरुषांच्या गळ्यावर जो कंठमणी दिसतो, त्याच्या आतल्या अंगाला दोन लहानशा पट्ट्या असतात. त्यांनाच स्वररज्जू म्हणतात. फुफ्फुसांतून वर येणाऱ्या हवेने त्या कंप पावतात आणि एकमेकींवर आदळतात, त्यातून स्वर निघतो. पुरुष बोलतो तेव्हा त्या सेकंदाला सुमारे शंभर ते सव्वाशे वेळा कंप पावतात, स्त्री बोलते तेव्हा सुमारे दोनशे वेळा. आता हिशेब करा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी सहायक प्राध्यापकास आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन ठरविले आणि वर्षाला ३० आठवडे. म्हणजे ४८० तास. एका तासात फळ्यावर लिहिणे, हजेरी, थांबणे, श्वास घेणे हे सारे वजा करून केवळ २० मिनिटे स्वर निघतो असे धरू. तरी एका अध्यापिकेच्या स्वररज्जू एका तासात २ लाख ४० हजार वेळा आपटतात, आणि वर्षाला साडेअकरा कोटींहून अधिक वेळा. टाळ्या पिटून तळहाताला घट्टे पडतात, तद्वतच या पट्ट्यांच्या ज्या भागावर सर्वांत जोराचा आघात होतो तेथे घट्टे पडतात. त्यांनाच गाठी म्हणतात. हा कर्करोग नव्हे; योग्य वेळी विश्रांती मिळाली व बोलण्याची रीत सुधारली तर बहुधा शस्त्रक्रियेवाचून त्या ओसरतात. पण 'योग्य वेळी विश्रांती' या तीन शब्दांतच सारे भांडण आहे.

शिवाय हा हिशेब शांत खोलीतला झाला. आपल्या खोल्या शांत कोठे आहेत? जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली सांगून ठेविले की, वर्गखोलीतील पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलच्या वर जाऊ नये. आपल्या या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, म्हणजे नेमक्या पहिल्या सत्रात. डोक्यावर पत्रा, त्याच्यावर मृगाच्या सरी, खाली ऐंशी मुले आणि समोर अर्थशास्त्राचा सीमांत उपयोगितेचा सिद्धान्त! कणकवली-कुडाळकडे महामार्गाच्या कडेला शिकविणाऱ्यांस पावसाळा संपल्यावरही सुटका नाही. भोवतालचा गोंगाट वाढला की माणूस नकळत आपला आवाज चढवितो, हे एतियेन लोंबार नावाच्या फ्रेंच वैद्याने १९११ साली दाखवून दिले. लक्षात घ्या, नकळत. 'सर, तुम्ही जरा हळू बोलत जा' हा उपदेश म्हणूनच फुकट आहे. पत्रा वाजावयाचा थांबला तरच सर हळू बोलतील.

कोणी म्हणतील, कोकणी माणसाचा घसा मुळातच दांडगा. आमचे दशावतारी रात्रभर बोलतात, गातात, युद्धे करतात, त्यांना काही होत नाही. मला दशावताराविषयी नितांत आदर आहे. परंतु दशावतारी नट एकामागून एक रंगभूमीवर येतात, मध्ये गाणे असते, झांज-मृदंग असतो, आणि पहाट झाली की मंडळी झोपतात. सकाळी नऊला त्यांना दुसऱ्या गावी तास नसतो. आणि त्यांना काही होत नाही हे तरी कोणी तपासले आहे?

अध्यापकांचे मात्र तपासले गेले आहे. अमेरिकेतील आयोवा व युटा या दोन राज्यांत १,२४३ शाळाशिक्षक आणि १,२८८ इतर व्यवसायांतील माणसे यांची तुलना करण्यात आली. तिचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. आयुष्यात केव्हा तरी आवाजाचा विकार झाला असे सांगणारे शिक्षकांत ५७.७ टक्के निघाले, इतरांत २८.८ टक्के. म्हणजे बरोबर दुप्पट. स्त्रियांना हा त्रास पुरुषांहून अधिक होतो, कारण त्यांचा स्वरयंत्राचा सांगाडा लहान आणि कंपांची संख्या जवळजवळ दुप्पट. ही शाळाशिक्षकांची आकडेवारी आहे, हे मी वकील असल्याने आपणहून सांगतो. पण ऐंशी मुलांपुढे उभ्या राहणाऱ्या प्राध्यापकाचा घसा काही निराळ्या चामड्याचा असत नाही.

त्याच संशोधकांनी २००२ साली केलेला आणखी एक लहानसा प्रयोग मला अधिक मोलाचा वाटतो. आवाजाचा त्रास असलेले ४४ शिक्षक घेतले व त्यांचे तीन गट केले. एका गटास घशाची निगा कशी राखावी याचे शिक्षण दिले : पाणी प्या, ओरडू नका, खाकरू नका, इत्यादी. दुसऱ्यास कंबरेला बांधावयाचा लहान ध्वनिवर्धक दिला. तिसऱ्यास काहीच दिले नाही. सहा आठवड्यांनी पाहतात तो ध्वनिवर्धक मिळालेल्यांचा त्रास स्पष्टपणे कमी झाला होता. उपदेश मिळालेल्यांत तशी सुधारणा दिसली नाही. मंडळी, या प्रयोगात माझे सारे व्याख्यान आहे. ज्येष्ठमध चघळा, खडीसाखर तोंडात धरा, आल्याचा रस घ्या, हे आपणांस आजीपासून प्राचार्यांपर्यंत सर्वांनी सांगितले आहे. या उपदेशात एक गृहीत दडलेले असते : घसा तुमचा, तेव्हा दोष तुमचा व खर्चही तुमचा. ध्वनिवर्धक म्हटला की तो विकत कोणी घ्यावयाचा हा प्रश्न येतो, आणि मग संस्थाचालक खिडकीबाहेर पाहू लागतात. स्नेहसंमेलनाच्या मंडपासाठी व पाहुण्यांच्या हारतुऱ्यांसाठी जो निधी दरवर्षी निघतो, त्यातून अशी पाच-सहा यंत्रे येतील.

पाण्याविषयी आपल्या चळवळीतील माणसाने बोलावयाचे म्हणजे थोडे थांबूनच बोलावे लागते. स्वररज्जू ओलसर राहिल्या तरच त्या सुखाने कंप पावतात. म्हणून व्याख्यात्याची पहिली गरज पाणी. १९१८ च्या नोव्हेंबरात बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार ४५० रुपये. हा अस्पृश्य काय शिकविणार, असे आरंभी म्हणणारे विद्यार्थी लवकरच तन्मय होऊन ऐकू लागले, आणि इतर महाविद्यालयांतील विद्यार्थीही त्यांच्या व्याख्यानास येऊन बसू लागले. आणि त्याच महाविद्यालयात, प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातील पाणी त्यांनी पिण्यास काही सहकारी प्राध्यापकांनी हरकत घेतली. तासभर बोलून आलेल्या माणसाला पाणी नाही! त्यांची विद्वत्ता महाविद्यालयास चालत होती, त्यांचा कोरडा घसा चालत नव्हता. पुढे २० मार्च १९२७ रोजी महाडला काय झाले ते आपण जाणताच. तेव्हा पिण्याचे पाणी हा सेवाशर्तींतील विषय आहे, हे निदान आपल्याला तरी कोणी शिकवावयास नको.

आज तो माठ सर्वांना खुला आहे. तरीही किती अध्यापिका दिवसभर पाणी पीत नाहीत, हे आपण आपल्या भगिनींना विचारा. कारण तहान नाही असे नव्हे. स्वच्छ व कडी लागणारे स्वच्छतागृह नाही, हे कारण. ही गोष्ट सभेत बोलण्यास अनेकांना संकोच वाटतो म्हणून मी मुद्दाम बोललो.

आता कायद्याकडे वळतो. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यास व्यवसायजन्य रोगांची एक यादी जोडलेली होती. शिशाची विषबाधा, दगडखाणीतल्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा सिलिकोसिस, कापसाच्या तंतूंनी होणारा विकार असे रोग तिच्यात होते. यादीतला रोग झाला की तो कामामुळे झाला असे कायदा सामान्यतः मानून चालतो. कामगाराला ते निराळे सिद्ध करीत बसावे लागत नाही. या यादीत गोंगाटाने येणारा बहिरेपणाही आहे. जुना कायदा गेला, २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २०२५ च्या नोव्हेंबरात अमलात आली, यादी बहुतांशी तशीच पुढे आली. म्हणजे आपल्या कायद्याला गोंगाटाने बिघडलेला कान दिसतो. त्याच गोंगाटावर आवाज चढवून बिघडलेला घसा मात्र त्याला दिसत नाही.

हे अशक्य कोटीतले आहे असे समजू नका. पोलंड देशात व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आवाजाचे जुनाट विकार आहेत. किमान १५ वर्षे आवाजावर अतिरेकी ताण पडेल असे काम केलेले असावे, अशी तेथे अट आहे, आणि दावेदारांत मोठा भरणा शिक्षकांचा असतो. एका देशाला जे यादीत लिहिता येते ते दुसऱ्याला लिहिता येणार नाही, असे कोणते कारण आहे?

आपल्याकडे अडचण यादीच्याही अलीकडे सुरू होते. आपण कामगार आहात की नाही, हाच प्रश्न आहे. त्याचे उत्तर येथून जवळच, गोव्यातील एका खटल्यातून आले. करंझाळे येथील शाळेतील एका शिक्षिकेस कामावरून दूर करण्यात आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले व १९८८ साली 'सुंदरांबाळ विरुद्ध गोवा, दमण व दीव सरकार' या नावाने निकाल झाला. शाळा हा उद्योग असला तरी शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्यातील कामगार नव्हे, असे न्यायालयाने ठरविले. अध्यापन हे अंगमेहनतीचे, कारकुनी वा तांत्रिक काम नसून ते एक उदात्त जीवनकार्य आहे, अशी त्यामागील भूमिका. न्यायालयाचा मान राखून मी एवढेच म्हणतो की, ज्या कामाला उदात्त म्हटले त्याचे हक्क कमी झाले, हा अनुभव या देशात नवा नाही. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही कामगाराच्या व्याख्येत पत्रकार आले, विक्रीप्रतिनिधी आले. अध्यापक आले नाहीत.

तरीही निराश होण्याचे कारण नाही. उपदानाची, म्हणजे ग्रॅच्युइटीची, कथा पाहा. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कायद्यातील व्याख्येप्रमाणे शिक्षक उपदानास पात्र नाहीत. शिक्षकांनी मागणी लावून धरली. २००९ साली संसदेने व्याख्याच बदलली, तीही ३ एप्रिल १९९७ पासून लागू होईल अशी. आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये त्याच न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरविली. व्याख्या म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. ती माणसांनी लिहिलेली असते आणि माणसांना बदलता येते.

दुसरा निकाल अगदी अलीकडचा, २०२५ च्या ऑगस्टमधील. गुजरातमधील कंत्राटी सहायक प्राध्यापकांना महिना ३०,००० रुपये मिळत होते. तेच काम करणाऱ्या नियमित सहकाऱ्यांना त्याच्या कितीतरी पट. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सहायक प्राध्यापकाच्या वेतनश्रेणीचे किमान वेतन देण्याचा आदेश दिला, आणि समारंभांतून गुरूला ब्रह्मा-विष्णू म्हणणे पुरेसे नाही, राष्ट्र आपल्या शिक्षकांशी कसे वागते त्यात ते दिसले पाहिजे, अशा आशयाचे भाष्य केले. आपल्यापैकी ज्यांनी गुरुपौर्णिमेला गुलाबपुष्प आणि महिनाअखेरीस अपुरा मोबदला स्वीकारला असेल त्यांना याचा अर्थ विशद करून सांगावयास नको. मात्र तो खटला कंत्राटी अध्यापकांचा होता. तासाच्या हिशेबाने मोबदला घेणाऱ्यांना तो आपोआप लागू होईल असे मी म्हणणार नाही. त्यासाठी कोणी तरी पुढे येऊन भांडावे लागेल.

तर त्या प्राध्यापिकाबाईंना मी काय उत्तर दिले? आवाजासाठी रजा नाही, हे पहिले. ज्यांची नेमणूक नियमित व मान्यताप्राप्त आहे त्यांना वैद्यकीय रजा आहे, ती त्यांनी घ्यावी व अवश्य घ्यावी. ज्यांची नेमणूकच तासाची आहे, त्यांना ज्या तासाला बोलले नाही त्या तासाचे काही नाही. म्हणून गाठी असूनही ते बोलतात. बोलल्याने गाठी वाढतात. मग अधिक काळ गप्प बसावे लागते. संरक्षण ज्याला सर्वांत कमी, झीज त्याचीच सर्वांत अधिक. आणि या जागांवर कोण आहेत ते पाहावयास फार लांब जावे लागत नाही. पहिल्या पिढीतील पदवीधर, आपल्या वस्त्यांतून पुढे आलेल्या मुली व मुले, नेट-सेट उत्तीर्ण, काही पीएच. डी. झालेले, नियमित जागा निघण्याची वाट पाहत केस पिकलेले.

जागा निघाली तरी ती आपल्यापर्यंत कशी पोहोचते, हेही पाहिले पाहिजे. धम्मदीक्षा घेतलेल्या अनुसूचित जातींच्या माणसाला केंद्राच्या सवलतींसाठी १९५६ पासून थेट १९९० पर्यंत, घटनेच्या आदेशात दुरुस्ती होईपर्यंत, थांबावे लागले. त्यानंतर बिंदुनामावलीचा खेळ झाला. २०१७ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने आरक्षणासाठी विद्यापीठाऐवजी विभाग हा घटक धरावा असे म्हटले व २०१८ साली अनुदान आयोगाने तसे परिपत्रक काढले. तेरा बिंदूंच्या नामावलीत अनुसूचित जातीचा क्रम सातव्या जागेवर येतो. ज्या विभागात दोन किंवा तीन जागा, तेथे सातवी जागा यावयाची कधी? देशभर आंदोलन झाले, आणि २०१९ साली संसदेने केंद्रीय शिक्षणसंस्थांसाठी कायदा करून संस्था हाच घटक ठरविला. मी हे येथे सांगितले, कारण स्थिर नेमणूक हे घशाच्या आरोग्याचे पहिले औषध आहे. वैद्यकीय रजा असलेल्या माणसाच्याच गाठी विश्रांतीने बऱ्या होतात.

बाईंना दिलेले उत्तर मात्र एवढ्यावर संपले नाही. बाबासाहेबांच्या हातून आकारास आलेल्या घटनेच्या ४२ व्या अनुच्छेदात कामाची न्याय्य व माणुसकीची परिस्थिती निर्माण करण्याचे कर्तव्य राज्यावर टाकले आहे. १९९५ साली, अॅस्बेस्टॉसच्या कारखान्यांतील कामगारांच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने काम करणाऱ्याचे आरोग्य हा २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग मानला. शिवाय २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. त्याचे विसावे कलम सांगते की, सेवेत असताना दिव्यांगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेने कोणास काढू नये वा खालच्या पदावर नेऊ नये. काम झेपत नसेल तर त्याच वेतनावर दुसरे काम द्यावे. 'सरकारी आस्थापना' या शब्दात शासनाच्या अनुदानावर चालणारी संस्थाही येते, हे पुष्कळ संस्थाचालकांना ठाऊक नसते. ठाऊक असले तरी ते सांगत नाहीत. कायमची वाचा गेली तर हे कलम उपयोगी पडेल. बऱ्या होणाऱ्या गाठींना ते लागू पडणे कठीण. म्हणजे पुन्हा तेच : घसा पूर्ण जाईपर्यंत कायदा वाट पाहतो.

आवाज या शब्दाचा दुसरा अर्थ टाळून मला हे भाषण पुरे करता येणार नाही. १९३५ साली बाबासाहेब मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले व १९३८ पर्यंत त्या पदावर होते. १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची घोषणा त्यांनी केली ती या पदावर असताना. पुढल्याच वर्षीच्या परिषदेसाठी लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्ष म्हणून बोलाविले. भाषणातला मजकूर पाहून संयोजक बिचकले आणि परिषदच रद्द झाली. ते भाषण त्यांनी कधी केलेच नाही. मे १९३६ मध्ये त्यांनी ते स्वखर्चाने छापले, आणि १,५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. जातिनिर्मूलनावरील ते पुस्तक आज जग वाचते. एका सेवेतील प्राचार्याने हे केले. आज तासिका तत्त्वावरील अध्यापकाने वर्गात जातीवर दोन वाक्ये बोलावयाची म्हटली तरी पुढच्या वर्षीच्या तासांचा विचार त्याच्या मनात आधी येतो. युनेस्कोने १९९७ साली उच्च शिक्षणातील अध्यापकांच्या दर्जाविषयी जी शिफारस स्वीकारली, तिच्यात अध्यापनस्वातंत्र्य आणि सेवेची शाश्वती एकत्र आहेत. ते उगाच नव्हे. ज्याला आजारी पडण्याचीही मुभा नाही, तो मतभेदाची मुभा कोठून आणणार?

मज्झिमनिकायातील ब्रह्मायुसुत्तात तथागतांच्या आवाजाचे वर्णन आहे. तो स्पष्ट होता, समजण्याजोगा होता, गंभीर होता. आणि मला सर्वांत आवडलेली गोष्ट, तो परिषदेतील शेवटच्या माणसापर्यंत पोहोचत असे, पण परिषदेच्या बाहेर जात नसे. घशाच्या डॉक्टरांनी आज जे सांगावे तेच हे. फरक एवढाच की भगवंतांच्या परिषदेवर पत्रा नव्हता.

आता काय करावयाचे ते सांगतो. जे आपल्या हातात आहे ते आपण करावे. तासात दर दहा मिनिटांनी मुलांकडून काही वाचून घ्यावे वा त्यांना प्रश्न विचारावा. घशाला विसावा मिळतो, आणि मालवणीतून उत्तर देणाऱ्या मुलालाही तोंड उघडण्याची संधी मिळते. त्याच्या मालवणीला हसू नये. फळ्याकडे तोंड करून बोलू नये. खाकरण्याऐवजी घोटभर पाणी प्यावे. जोर लावून केलेली कुजबुजसुद्धा विश्रांती नव्हे. आवाज चार आठवड्यांत पूर्ववत झाला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र तपासून घ्यावे. तंबाखू वा मिसरीची सवय असेल तर तेवढेही थांबू नये.

जे संस्थेच्या हातात आहे ते लेखी मागावे. मोठ्या वर्गासाठी ध्वनिवर्धक, पत्र्याखाली छत, वर्गाजवळ पिण्याचे पाणी, अध्यापिकांसाठी वेगळे स्वच्छतागृह, आणि वेळापत्रकात सलग तीन तास येणार नाहीत अशी रचना. तोंडी मागणी हवेत विरते. अर्जाची पोच घेतली की ती पुरावा होते. डॉक्टरांकडून दाखला घेताना त्यात केवळ 'घसा बसला आहे' असे लिहून घेऊ नका. आपला व्यवसाय कोणता, आठवड्याला किती तास बोलता, किती वर्षे बोलता आणि विकाराचे नाव काय, एवढे त्यात आले पाहिजे. असे शंभर दाखले एका जिल्ह्यातून जमले, तर घशाचे विकार व्यवसायजन्य रोगांच्या यादीत घालण्याची मागणी करणारे निवेदन रिकाम्या हाताने द्यावे लागणार नाही. प्राध्यापकांच्या संघटना वेतनश्रेणीसाठी नेटाने लढतात, ते योग्यच आहे. त्यांनी आपल्या मागणीपत्रकात तासिका तत्त्वावरील अध्यापकांच्या आजारपणाच्या मोबदल्याचे एक कलम घालावे, अशी त्यांना माझी विनंती आहे. नियमित सहकाऱ्यांनी ती उचलून धरली पाहिजे. ज्यांचे तास उद्या जाऊ शकतात त्यांनी एकट्यांनी ती करावी, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

संस्थेस द्यावयाच्या अर्जाचा व डॉक्टरांच्या दाखल्याचा असे दोन मसुदे मी तयार करून आणले आहेत. ते दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहेत. प्रत्येकाने घेऊन जावेत व नाव-तासांच्या रिकाम्या जागा भरून पुढील महिनाअखेरपर्यंत एक प्रत माझ्याकडे पाठवावी. नाव प्रसिद्ध होणार नाही. अध्यक्षांच्या अनुमतीने आता प्रश्न घेतो. ज्यांचा घसा दुखत असेल त्यांनी प्रश्न कागदावर लिहून द्यावेत.

जय भीम.